आगीचा फोन सरदेसाई साहेबांना

किस्से जमवायला मी कधी कुठे गेलो नाही. मी फक्त फोन दुरुस्त करायला जायचो. परत येताना पिशवीत पकड, टेस्टर, चिकटपट्टी आणि एक किस्सा असायचा. हत्यारं कंपनीतच जागेवर जायची, किस्सा मात्र घरी यायचा. बायको म्हणायची, "आज कोणी काय केलं ते जेवल्यावर सांगा. आत्ता ऐकलं की तुमचा आवाज चढतो आणि भात गार होतो."

मुरबाडच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती. पत्र्याची कपाटं, लॉकर, इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या असला माल. आटगावला आमचं गोडाऊन. नव्वदच्या सुरुवातीला मी तिथे इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो. फोनलाही वायर असते, एवढ्या एका कारणावरून फोनचं खातं माझ्या गळ्यात पडलं. मोटर जळली तर कोणी मत देत नाही, बदलली की झालं. फोनवर मात्र शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाचं मत असतं. आणि त्यातही संकटाच्या वेळी कोणत्या फोनवरून मदत मागायची, ह्या एका साध्या गोष्टीत माझ्या नोकरीची अर्धी वर्षं गेली. नुसता वैताग.

* * *

पहिला किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाहीत.

शॉपच्या, म्हणजे माल बनायचा त्या शेडच्या, भिंतीवर तेव्हा एकच फोन होता. त्यावरून आतल्या आत बोलता यायचं. बाहेर बोलायचं तर नऊ दाबून ऑपरेटर निमाताईंना सांगायचं, मग त्या आपल्या बोर्डावरून बाहेरची लाइन जोडून द्यायच्या. कामगार फुकटात घरी फोन करतील, ह्या भीतीने केलेली ही सोय. निमाताई जेवायला जाताना बोर्डाला कुलूप लावून जायच्या. तसा त्यांना हुकूमच होता.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बबन धानकेचा हात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेला. बबन सरळगावकडचा. भोंगा झाला तरी हातातला माल संपवल्याशिवाय न उठणारा माणूस. आमचा सुपरवायझर सासे धावत फोनकडे गेला आणि त्याने नऊ दाबलं. रिंग वाजत राहिली. त्याने पुन्हा नऊ दाबलं. पुन्हा रिंग. निमाताई कॅन्टीनमध्ये आमटी-भात खात होत्या आणि बोर्डाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती.

शेवटी रस्त्यावरची वडापची जीप थांबवून बबनला मुरबाडच्या एका दवाखान्यात नेला. कल्याणचे एक सर्जन तिथे यायचे, ते नुकतेच निघून गेले होते. कंपाउंडर म्हणाला, "एक फोन केला असता तर डॉक्टरांना थांबवून ठेवलं असतं." मग तीच जीप कल्याणला गेली. पोचेपर्यंत व्हायचं ते झालं. बबनची दोन बोटं गेली.

तो कामावर परतला त्या दिवशी मी त्याच फोनची वायर बदलत होतो. बबन शेजारी येऊन उभा राहिला.  मग म्हणाला, "विशेदादा, टायमाला लागत नाय, तर भिंतीवर ठेवलाय कशाला?"

 मला राग आला, पण तो बबनचा नव्हता. त्या दिवसापासून माझं एकच म्हणणं होतं. आपल्या माणसाला लागलं, आग लागली, कोणी कोसळलं, तर जवळचा फोन उचलायचा आणि मदत बोलवायची. मध्ये कोणाला विचारायला लागता कामा नये. एवढंच मी मागत होतो. आता ह्या एवढ्याचं काय काय झालं ते ऐका.

* * *

बबनच्या अपघातानंतर कंपनीला जाग आली. सेफ्टीवाल्यांनी शॉपच्या भिंतीवर हातभर उंचीच्या लाल अक्षरांत रंगवून घेतलं: 'आग लागल्यास १०१ फिरवा'. मी तेव्हा म्हशाच्या जत्रेला गेलो होतो. परत आलो तर रंग वाळलेला.

मी विचारलं, "हे कोणी रंगवलं?"

"का? चांगलं दिसत नाही का?"

"दिसतंय चांगलं. पण आपल्या बोर्डावर १०१ म्हणजे सरदेसाई साहेब."

सरदेसाई साहेब आमचे जनरल मॅनेजर. कंपनीत एक्स्टेन्शनचे नंबर हुद्द्याप्रमाणे दिलेले. १०० मालकांचा, ते वर्षातून एकदा येऊन खुर्चीची धूळ बघून जायचे. १०१ सरदेसाई साहेबांचा. १०२ अकाउंट्सचे पाटणकर. मी सगळ्यांना सांगितलं की आग लागली तर भलतीकडेच रिंग जाईल. सगळे म्हणाले, बघू.

एप्रिलात पेंट शॉपच्या मागे थिनरच्या चिंध्यांनी पेट घेतला. सासेने भिंतीवर वाचलं आणि १०१ लावला.

"सरदेसाई बोलतोय."

"सायेब, पेंट शॉपच्या पाठी आग लागलीय!"

"अहो, मग मला कशाला फोन करता? फायर ब्रिगेडला करा!"

साहेबांनी फोन ठेवला. सासे आज्ञाधारक माणूस. त्याने पुन्हा भिंतीकडे बघितलं आणि १०१ लावला.

"सरदेसाई बोलतोय."

"सायेब, परत तुमीच लागलाव."

आग पॅकिंगच्या बायकांनी विझवली. त्यांनी कोणालाच फोन केला नव्हता, बादल्या उचलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. मी म्हटलं, साहेबांचा नंबर बदलून २०१ करू या, म्हणजे १०१ थेट फायर ब्रिगेडला जोडता येईल. पण २०१ ही परचेसची रांग होती. साहेब परचेसच्या रांगेत कसे बसणार? बरं, ते तिकडे गेले तर अकाउंट्सचे पाटणकर १०२ वर राहून त्यांच्या वरचे होणार. पाटणकरांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

सरदेसाई साहेबांनी मान हलवली आणि अगदी समजुतीच्या सुरात मला म्हणाले, "विशे, आपला नंबर आधीपासूनचा आहे. तुम्ही असं करा, फायर ब्रिगेडला दुसरा नंबर घेता येतो का, ते टेलिफोन खात्याला विचारून बघा."

* * *

मी म्हटलं बोर्डाचा नादच सोडू. मला एक वेगळी थेट लाइन द्या. लाल फोन. उचलला की बाहेरचा टोन. बबनसारखी वेळ पुन्हा येणार नाही.

फोन मिळाला. मी स्वतः बसवला. पहिल्या आठवड्यात त्या फोनवरून किन्हवली, टोकावडे, भिवंडी, सगळीकडे बोलणं झालं. एका पोराने तर त्याच्यावरून स्वतःचं लग्न जमवलं. मग फोनला लाकडी पेटी आली, पेटीला काच आली, काचेला कुलूप आलं. शेजारी साखळीला बांधलेली छोटी हातोडी. 'संकटकाळी काच फोडा.' इथपर्यंत मी गप्प होतो, काच फोडता येते असं म्हणून.

पण दोन वेळा कोणीतरी मस्तीत काच फोडली, तेव्हा पर्सोनेलवाल्यांनी खाली आणखी एक पाटी लावली. 'विनापरवानगी काच फोडणाऱ्यास मेमो देण्यात येईल.'

मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बबनच घेरी येऊन पडला. मी पोचलो तेव्हा लोक त्याला वारा घालत होते आणि सासे पेटीसमोर हातोडी घेऊन उभा होता.

"सासे, फोडा ना!"

"दादा, परवानगी कोणाची घिऊ? पर्सोनेलचं सायेब तर किन्हवलीच्या एसटीनं गेलं."

"माणूस पडलाय हो!"

"पडलाय त खरा. पण मेमो मला भेटंल, त्याला नाय."

तोपर्यंत बबनच्या तोंडावर कोणीतरी पाणी मारलं होतं. तो उठून बसला, आधी सासेकडे बघितलं, मग हातोडीकडे, आणि क्षीण आवाजात म्हणाला, "नका फोडू. मी बरा हाय."

माणसाने मेमोच्या भीतीने बरं व्हावं, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

* * *

मधल्या काळात मोबाइल आले. सगळे म्हणाले, विशे, तुझी कटकट मिटली.

आमच्या कंपनीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळायची. खाली शॉपमध्ये पत्रा, बाजूला डोंगर. एकदा वेल्डिंग करणारा एक जण स्टुलावरून घसरून पडला. सासे फोन घेऊन टाकीच्या शिडीने वर चढला. दवाखान्यातून जे विचारायचे ते तो वरून ओरडून आम्हाला विचारायचा, आम्ही ते त्या पडलेल्या माणसाला विचारायचो, आणि मग उत्तर वर ओरडायचो.

"कुठला पाय, विचारतात!"

"डावा!"

"सुजलाय का?"

"सुजलाय!"

"आधी कधी मोडलावता का?"

त्या वेल्डरने वर बघून हात जोडले. "त्याला सांगा, तू आधी खाली उतर, नायतर तुझापन मोडल."

* * *

मग दोन हजारच्या पुढे आमची कंपनी एका परदेशी कंपनीने घेतली. जुना बोर्ड भंगारात गेला. निमाताईंनी व्हीआरएस घेतली, जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली आणि सुटल्यासारख्या हसल्या. प्रत्येक टेबलावर छोट्या पडद्याचे काळे फोन आले. ते इंटरनेटवर चालणार होते. मुरबाडहून परदेशात बोला, एक्स्टेन्शन लावल्यासारखं. नंबर मात्र ज्याचे त्याला, हुद्द्याप्रमाणे. तेवढं परदेशी लोकांनाही बदलता आलं नाही.

फोन बसवायला अय्यर नावाचा कन्सल्टंट आला. मुलुंडला वाढलेला, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. पहिल्याच मीटिंगमध्ये तो म्हणाला, "मालकांच्या देशात कायदा आहे. ऑफिसातल्या प्रत्येक फोनवरून इमर्जन्सीचा नंबर थेट लागला पाहिजे. आधी शून्य नको, नऊ नको, ऑपरेटर नको. आणि फोन कुठल्या इमारतीतून आला, तेही समोरच्याला दिसलं पाहिजे."

मला उठून त्याच्या पाया पडावंसं वाटलं. बबनने जे विचारलं होतं ते साता समुद्रापलीकडे कोणीतरी कायदा करून ठेवलं होतं. इतकी वर्षं मी काही वेड्यासारखं मागत नव्हतो.

"मग जोडून टाकू," मी म्हटलं. "बाहेरची लाइन आहेच आपल्याकडे."

"नाही जोडता येणार. आपल्याकडे सरकारचा नियम आहे. कंपनीचा इंटरनेटचा फोन बाहेरच्या साध्या लाइनला जोडायचा नाही."

"म्हणजे फोन लागलाच पाहिजे हा कायदा, आणि लागता कामा नये हाही कायदा?"

"बरोबर. दोन्ही मँडेटरी."

"मग करायचं काय?"

अय्यरने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत घातला. "कम्प्लायन्स," तो म्हणाला.

* * *

कम्प्लायन्स म्हणजे स्टिकर.

खोकं भरून स्टिकर आले. पिवळे, त्यावर काळ्या अक्षरांत: 'ह्या फोनवरून आपत्कालीन सेवेला संपर्क होत नाही.' फोन लागत नसेल तर निदान तसं लिहायचं, म्हणजे फसवणूक होत नाही. मी म्हटलं, हे बबनला कोण सांगणार? टायमाला लागत नाही, आणि आता तसं छापूनही आलंय.

स्टिकर लावायचं काम सासेकडे गेलं. त्याला सांगितलं होतं, सगळ्या फोनना लावा, एकही सुटता कामा नये. मी संध्याकाळी राउंडला गेलो तर काळ्या फोनांवर स्टिकर, गेटवरच्या इंटरकॉमवर स्टिकर, आणि लाल फोनच्या काचेवरही एक स्टिकर, अगदी मधोमध.

"सासे, सगळ्या कंपनीत हा एकच फोन बाहेर लागतो!"

"दादा, मला बोललं एकपन सोडू नका."

मी नखाने खरवडून तो स्टिकर काढला. दुसऱ्याच आठवड्यात ऑडिटवाला आला. सगळे फोन बघितले, खूश झाला. मग लाल फोनसमोर थांबला आणि म्हणाला, "ह्याला स्टिकर नाही?"

"साहेब, हा लागतो."

"सगळ्यांना आहे आणि ह्याला नाही. हे बरं दिसत नाही."

मला वाटलं, निदान आता तरी कोणी माझी बाजू घेईल. सरदेसाई साहेब म्हणाले, "विशे, लावून टाका. कशाला वाद?" मी लावला. लावताना दाताखाली जे पुटपुटलो ते इथे सांगण्यासारखं नाही.

* * *

पुढे एक मधला मार्ग निघाला. इंटरनेटचा फोन बाहेर जोडायचा नाही, पण कंपनीतल्या कंपनीत कुठेही लागतो. मग प्रत्येक काळ्या फोनवर एक लाल बटण ठरवलं. ते दाबलं की हेड ऑफिसच्या हेल्पडेस्कवर रिंग जाणार. कोणाचा फोन, कुठल्या पत्त्यावरचा, हे त्यांच्या पडद्यावर दिसणार. मग ते त्यांच्या साध्या फोनवरून आमच्या जवळची ॲम्ब्युलन्स बोलवणार. जरा लांबचा वळसा होता, पण कायद्यात बसत होता. बटण आलं म्हणून लाल फोनची लाइन 'अनावश्यक' ठरवून कापली. तरी मी म्हटलं, चला, काहीतरी झालं.

त्याच वर्षी अकाउंट्सच्या पाटणकरांना आटगावच्या गोडाऊनवर पाठवलं. हिशेबात घोळ होत होता म्हणून तिकडे बसा, असं. पाटणकरांना ते फार लागलं. गोडाऊन म्हणजे कमीपणा. त्यांनी निघताना टेबलावरचा काळा फोन वायरीसकट काढला, टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत घालून आटगावला नेला. तिथे इंटरनेटची वायर लावली आणि फोन चालू. पडद्यावर तोच १०२. इंटरनेटच्या फोनची ही खुबी, कुठेही न्या, नंबर सोबत येतो.

मला कळलं तसा मी फोन केला. "पाटणकर साहेब, तो फोन मुरबाडच्या पत्त्यावर आहे. तुम्ही तिकडून बटण दाबलंत तर गाडी इकडे येईल. हेल्पडेस्कला सांगून पत्ता बदलून घेऊ."

"पत्ता बदलायचा नाही," पाटणकर म्हणाले. "मी मुरबाड ऑफिसचाच आहे. इथे तात्पुरता बसतोय."

मी पुन्हा सांगितलं. सरदेसाई साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो विशे, त्यांना आधीच वाईट वाटलंय."

पावसाळ्यात गोडाऊनमध्ये झाडू मारणाऱ्या शेवंताबाईंना फुरसं चावलं. पाटणकरांनी बटण दाबलं. हेल्पडेस्कवाल्यांनी ॲम्ब्युलन्स पाठवली, आणि ती जमेल तितक्या लवकर आली. मुरबाडला. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन अकाउंट्समध्ये शिरली आणि पाटणकरांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"पेशंट कुठाय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. "आटगावला."

"मग इथे काय आहे?"

"इथे त्यांचा हुद्दा आहे," मी म्हटलं. 

शेवंताबाई वाचल्या. गोडाऊनच्या पोरींनी पाटणकरांची वाट न बघता त्यांना टेम्पोत घालून शहापूरला नेलं होतं, तिथे वेळेत इंजेक्शन मिळालं. चार दिवसांनी पाटणकरांचा मला फोन आला. मला वाटलं, पत्ता बदला म्हणतील.

"विशे," ते म्हणाले, "ॲम्ब्युलन्सवाल्यांनी माझी खुर्ची हलवली म्हणे. ती परत जागेवर ठेवा."

* * *

आता हा शेवटचा.

ऑडिट आलं होतं. ह्या खेपेस मागणी अशी की लाल बटण असलेल्या प्रत्येक फोनच्या वर लांबून दिसेल अशी पाटी पाहिजे. उंचावर. शॉपच्या भिंतीवर जुन्या फोनच्या जागी आता काळाच फोन होता, त्याची पाटी मी स्वतः लावायला घेतली. वीस वर्षं होत आली होती त्या भिंतीशी झगडून. शेवटची पाटी आपल्याच हातांनी लावावी असं वाटलं.

मी शिडीवर, सासेने शिडी धरलेली. बाजूने सरदेसाई साहेब गेले आणि सासेने नमस्कार केला. दोन्ही हातांनी.

मी खाली आलो तो थेट सिमेंटवर. पाय असा वळला होता की बघवत नव्हता. कळ मस्तकात गेली. सासेच्या खिशात मोबाइल होता आणि टॉवर आल्यापासून शॉपमध्ये रेंजही यायची. पण नव्या ट्रेनिंगमध्ये त्याला शिकवलं होतं, मोबाइल नाही, आधी बटण. त्याने बटण दाबलं.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. खरं सांगतो, माझा पाय मोडला होता आणि मला आनंद झाला. ह्या भिंतीवरचा फोन कोणीतरी पहिल्या रिंगला उचलला होता. सासेने सगळं बरोबर सांगितलं. मुरबाड, प्लांट, शॉप, माणूस शिडीवरून पडलाय, पाय मोडलाय. पलीकडच्या बाईंच्या पडद्यावर पत्ताही बरोबर होता. मग सासे ऐकत राहिला. हां. हां. बरं.

"दादा," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "त्या बोलतात, लोक खोटं फोन करतात. म्हणून आता साइटच्या जबाबदार माणसाला विचारल्याबिगर गाडी सोडत नाय."

"मग विचारा म्हणावं!"

"विचारतात बोलल्या."

आणि माझ्या खिशातला मोबाइल वाजला.

"नमस्कार सर, मी हेल्पडेस्कवरून बोलते आहे. आपण मुरबाड साइटचे इमर्जन्सी को-ऑर्डिनेटर ना?"

"हो," मी म्हटलं. अय्यरने ते पद मला दिलं होतं, कारण दुसऱ्या कोणाला ते नको होतं.

"सर, आपल्या साइटवर एक व्यक्ती शिडीवरून पडल्याचा कॉल आला आहे. आपण जागेवर जाऊन खात्री करू शकाल का?"

"मी जागेवरच आहे."

"व्यक्ती खरोखर पडली आहे का?"

"पडली आहे."

"आपण स्वतः पाहिलंत सर?"

मी वर बघितलं. पाटी एका खिळ्यावर लोंबकळत होती. "अगदी जवळून," मी म्हटलं.

"धन्यवाद सर. ॲम्ब्युलन्स निघते आहे. नियमाप्रमाणे को-ऑर्डिनेटरने गाडीला रस्ता दाखवण्यासाठी मेन गेटवर उभं राहायचं असतं. तर आपण कृपया लगेच गेटवर जावं."

फोन बंद झाला. मी मोबाइल छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"काय बोलल्या?" सासेने विचारलं.

मी सांगितलं.

सासेने माझ्या पायाकडे बघितलं. मग दाराबाहेर, लांब दिसणाऱ्या गेटकडे बघितलं. मग बाह्या वर सारत खाली वाकला आणि म्हणाला, "उभं ऱ्हायला नाय जमलं, त बसवलं त चालंल का, इचारायचं व्हतं."